पेंग्विन व्हूपींकडे निघाला की रिमोट दाबा

टेनेसी टक्सिडो हे जुनं अमेरिकन कार्टून मुलांबरोबर बघायला बसाल, तेव्हा रिमोट आपल्या हातात ठेवा आणि शेजारी पाटी, खडू आणि एक कोरडं फडकं घेऊन बसा. टीव्हीसमोर पाटी कशाला, ते सांगते.

मी 1978 साली लग्न होऊन अमेरिकेत, ओहायो राज्यात आले. बी.एस्सी. झालेली होते, सांगलीला दोन वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेलं होतं, इंग्रजी वाचायला काही अडचण नव्हती. पण इथल्या लोकांचं बोलणं कानावरून निघून जायचं. मोठी मुलगी चारेक वर्षांची झाली आणि तिच्याबरोबर मी टीव्हीवरची जुनी कार्टून बघायला लागले. त्यात हे एक होतं. त्यातला चमली नावाचा वॉलरस इतका सावकाश बोलतो, की अमेरिकेत आल्यापासून ज्याचं प्रत्येक वाक्य मला कळलं असा तो पहिलाच. म्हणून माझा त्याच्यावर जीव जडला. आता मुलीची मुलगी आठ वर्षांची आहे. दर शनिवारी ती माझ्याकडे असते आणि आम्ही दोघी डीव्हीडी लावून एक गोष्ट बघतो. गोष्ट दहाएक मिनिटांची असते. आम्हाला पाऊण तास लागतो, आणि तेवढा लागलाच पाहिजे.

ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी थोडं. सप्टेंबर 1963 मध्ये सीबीएस या अमेरिकन वाहिनीवर हे सुरू झालं आणि 1966 पर्यंत चाललं. टोटल टेलिव्हिजन नावाच्या कंपनीने ते बनवलं. ती काढणारी मंडळी जाहिरातीच्या धंद्यातली, आणि पैसे जनरल मिल्सचे, म्हणजे सकाळी दुधात घालून खायच्या सीरियलवाल्यांचे. चित्रं मेक्सिकोतल्या स्टुडिओत काढली जायची. त्याआधी दोन वर्षं, मे 1961 मध्ये, अमेरिकेच्या सरकारी दूरसंचार आयोगाचे अध्यक्ष न्यूटन मिनो यांनी टीव्हीवाल्यांच्या भर सभेत सांगितलं होतं, की तुमचा टीव्ही म्हणजे अफाट उजाड माळरान आहे. त्यानंतर मुलांना काहीतरी शिकवणारं दाखवा, असा सगळ्यांवरच दबाव होता. त्या दबावातून बरंच कंटाळवाणंही निघालं असेल, पण हे एक उत्तम निघालं.

गोष्ट मेगापोलिस झूमधली. टेनेसी हा बो-टाय घातलेला पेंग्विन, त्याला आवाज डॉन ॲडम्स यांचा. पुढे दुसऱ्या एका कार्टूनमधल्या इन्स्पेक्टर गॅजेटलाही त्यांनीच आवाज दिला, त्यामुळे माझ्या मुलीच्या वयाच्या लोकांना तो चटकन ओळखू येतो. चमली त्याचा जोडीदार. शिवाय याकिटी नावाचा याक आणि बाल्डी नावाचा गरुड. झूच्या संचालकाचं नाव स्टॅनली लिव्हिंगस्टन. आफ्रिकेत हरवलेल्या लिव्हिंगस्टन या संशोधक प्रवाशाला 1871 साली स्टॅनली नावाच्या पत्रकाराने शोधून काढलं, ती दोन्ही नावं एका माणसाला दिलेली आहेत. नातीला मी हे नकाशा काढून सांगितलं, तर पुढचा अर्धा तास आम्ही टांगानिका सरोवरावरच होतो. असं झालं तर होऊ द्या.

आता मुद्द्याचं. या कार्टूनमध्ये धडा सुरुवातीला येत नाही. आधी टेनेसीच्या डोक्यात काहीतरी करायचं येतं. तो ‘टेनेसी टक्सिडो कधी हरत नाही’ अशा थाटात कामाला लागतो आणि सगळं बिघडवून ठेवतो. मग दोघं झूबाहेर सटकतात आणि फिनीअस जे. व्हूपी यांच्याकडे जातात. या गृहस्थांकडे सगळ्या प्रश्नांची उत्तरं असतात. ते कपाट उघडतात, कपाटातलं सगळं सामान अंगावर कोसळतं, आणि त्या पसाऱ्यातून ते आपला फळा काढतात. त्या फळ्यावरची चित्रं हलतात. पंप असेल तर पाणी वर चढताना दिसतं. धडा होतो तो इथे, मुलाला तो हवाहवासा वाटायला लागल्यावर. मी शाळेत नेमकं उलटं करायचे. आधी व्याख्या, मग सूत्र, मग उदाहरण. दोन वर्षं तसं शिकवलं, आणि त्यातल्या किती मुलींना तरफ खरोखर कळली असेल, हा विचार मला अजूनही टोचतो.

तर पहिलं काम, गोष्ट निवडणं. क्रमाने बघत जाऊ नका. गेल्या आठवड्यात मुलाला घरात जे अडलं असेल, त्याची गोष्ट काढा. आमच्याकडे नातीला रंगाच्या डब्याचं झाकण उघडेना. मी तिला चमचा दिला, तिने झाकणाखाली घालून दाबला, टक्कन उघडलं. त्या शनिवारी आम्ही तरफेची गोष्ट लावली.

दुसरं, थांबणं. टेनेसी आणि चमली व्हूपींकडे निघाले की रिमोट दाबा. फळा दिसायच्या आत दाबा. मूल ओरडेल, ओरडू दे. मग एकच प्रश्न विचारा: ‘तू काय केलं असतंस?’ पण ‘असं का झालं?’ हे विचारू नका. ‘का’ म्हटलं की मुलाला परीक्षा आल्यासारखी वाटते आणि ते आपल्या तोंडाकडे बघायला लागतं. ‘तू काय केलं असतंस’ म्हटलं की ते पडद्याकडे बघून बोलतं. जे सांगेल ते पाटीवर त्याच्याच हाताने काढून घ्या. चूक असलं तरी तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. मला हे सर्वांत जड गेलं. नातीने टेकू फळीच्या अगदी दुसऱ्या टोकाला काढला होता, आणि माझा हात फडक्याकडे गेलेला तिला दिसला. ती लगेच म्हणाली, ‘आजी, चुकलं का?’ तिथे त्या दिवसाचा निम्मा रंग उडाला. तेव्हापासून चित्र काढून होईपर्यंत फडकं तिच्याच मांडीवर असतं.

तिसरं, फळा. आता टीव्ही सुरू करा, व्हूपींचा धडा पूर्ण ऐका आणि पुन्हा थांबवा. आपली चित्रं हलत नाहीत, पण पाटीवर हालचाल दाखवता येते. तरफेची आडवी रेघ काढा. कोरड्या फडक्याने एकदाच पुसा. ओल्या फडक्याने पुसाल तर रेघ साफ जाते. कोरड्याने पुसलं की ती पुसट राहते. आता तिच्यावरून तिरकी रेघ ठळक काढा. आधी फळी कुठे होती आणि आता कुठे आहे, दोन्ही एकदम दिसतं. नातीने तीन पुसट आणि एक ठळक अशा चार रेघा काढल्या, तेव्हा पाटीवरची फळी खरंच वर गेल्यासारखी वाटली.

मग उरलेली गोष्ट बघून टाका. शिकून आल्यावरही टेनेसी बऱ्याचदा घोटाळा करतोच. मुलांना ते फार आवडतं आणि ते मधे थांबवू नये.

चौथं, हाताने करून बघणं. याच्यावाचून वरचं सगळं वाया. तरफेसाठी बारा इंचांची पातळ लाकडी पट्टी, गोल पेन्सिल, चिकटपट्टी आणि सुट्टी नाणी एवढंच लागतं. पेन्सिल गोलच घ्या, षटकोनी नको. षटकोनी पेन्सिलीवर पट्टी सपाट बसून राहते आणि थोडा फरक असला तर हलतच नाही. पेन्सिल टेबलाला दोन्ही टोकांना चिकटपट्टीने पक्की करा. रिकामी पट्टी तिच्यावर तोलून घ्या. ती बरोबर सहा इंचांवर तोलली जाईलच असं नाही, जिथे तोलेल तिथे पेनाने खूण करा आणि तिथून दोन्हीकडे इंच मोजा.

अमेरिकेत असाल तर नाण्यांची मोठी सोय आहे. पाच सेंटांचं निकेल बरोबर 5 ग्रॅमचं असतं आणि एका सेंटचा पेनी अडीच ग्रॅमचा, म्हणजे नेमका निम्मा. निकेल खुणेपासून दोन इंचांवर ठेवा आणि पेनी पलीकडच्या बाजूला चार इंचांवर. नाण्याचा मध्य रेघेवर आला पाहिजे. पेनी पाऊण इंच रुंद असतो, त्यामुळे मध्य डोळ्यांनी सापडतो. पट्टी डुलते, डुलते आणि अधांतरी थांबते. निम्म्या वजनाने दुप्पट वजन तोलून धरलेलं मूल बघतं. भारतात असाल तर तीन एकसारखी नाणी घ्या, एकाच सालची. एकीकडे दोन नाणी एकावर एक दोन इंचांवर, दुसरीकडे एक नाणं चार इंचांवर.

एकाच सालची हे का सांगते, ते आम्हाला फसल्यावर कळलं. पहिल्यांदा केलं तेव्हा पेनीची बाजू टेबलाला टेकलीच. पुन्हा ठेवला, पुन्हा टेकली. मी पट्टी उलटीपालटी केली, खूण तपासली, पेन्सिल नवीन लावली. नात शांतपणे बरणीतले पेनी एकेक करून ठेवून बघत होती. चौथा की पाचवा पेनी ठेवला आणि पट्टी अधांतरी थांबली. तिने दोन्ही पेनी माझ्या तळहातावर ठेवले. एकावर 1974, दुसऱ्यावर 2006. मी पुस्तकात शोधलं. 1982 सालापर्यंत पेनी तांब्याचा होता, वजन 3.11 ग्रॅम. त्याच वर्षी तो बदलला. तेव्हापासून आत जस्त आणि वर तांब्याचा पातळ मुलामा. जुना पेनी तोलायचा तर तो चारऐवजी साधारण सव्वातीन इंचांवर आणावा लागतो. नात पेनी टिचकीभर सरकवत गेली आणि तिला ती जागा सापडली. ‘म्हणजे ही पट्टी वजनकाटा आहे,’ असं ती आपणहून म्हणाली. हे वाक्य त्या दिवशीच्या कार्टूनमध्ये कुठेच नव्हतं.

तरफेचे शब्द मी मराठीतच वापरते: तरफ, टेकू, भार, बल. मराठी शाळेत ती रविवारी जे शिकते ते सणावारांचं आणि गाण्यांचं असतं, तेही हवंच. पण मराठीत विचार करायला वस्तूंचे शब्द लागतात. त्या दिवशी मी माझ्या आईचा पितळी अडकित्ता काढला आणि विचारलं, यात टेकू कुठे? तिने मधे शोधला, मग बिजागरीच्या टोकाला बोट ठेवलं. सुपारी मधे आणि हात दुसऱ्या टोकाला, म्हणजे दुसऱ्या प्रकारची तरफ. मग चिमटा, तिसऱ्या प्रकारची. मग कात्री, सीसॉसारखी, पहिल्या प्रकारची. संध्याकाळपर्यंत घरातली प्रत्येक दांडी तिने तपासली, बेसिनच्या नळासकट. सुपारी कातरताना अडकित्ता आपण धरा, मुलाच्या हातात देऊ नका. त्याची धार पन्नास वर्षांनंतरही तशीच आहे.

काही गोष्टी वगळा. मूळ कार्यक्रमात टेनेसीबरोबर इतर छोटी कार्टूनही लागायची. त्यात परदेशांबद्दल आणि इथल्या मूळ रहिवाशांबद्दल साठच्या दशकातले ग्रह आहेत. मी ते न बघता पुढे सरकवते, आणि का सरकवलं ते नातीने विचारलं तेव्हा तिला खरं कारण सांगितलं. विज्ञानही काही ठिकाणी जुनं झालं आहे. हे कार्टून संपलं तेव्हा चंद्रावर माणूस उतरायला तीन वर्षं बाकी होती, टीव्हीत काचेच्या नळ्या होत्या, फोनला फिरवायची तबकडी होती. तिथे थांबून ‘आता हे कसं असतं?’ विचारा आणि दोघांनी मिळून शोधा. तरफ, कप्पी, पंप, पाऊस हे मात्र आजही तसंच आहे, त्यापासून सुरुवात करणं बरं.

आठवड्याला एकच गोष्ट. मूल दुसरी मागतं, देऊ नका. मधले सहा दिवस त्याला घरात टेकू सापडत राहतात. दुसरी गोष्ट लावली की ते पुसून जातं, आणि तेही ओल्या फडक्याने.

येत्या शनिवारी टेलिफोनची गोष्ट आहे. दह्याचे दोन डबे धुऊन ठेवलेत, बुडाला खिळ्याने भोक पाडून सुती दोरा ओवायचा आणि आत काडीला गाठ मारायची. दोरा ताणून धरला तरच आवाज जातो, भिंतीला किंवा बोटाला टेकला की बंद. हे मी तिला सांगणार नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन डबा कानाला लावून उभी राहणार आहे, दोरा दाराच्या चौकटीला टेकेल असा ठेवून.