टेट्रा मासे निवडताना आणि पाळताना
टेट्रा थव्याने राहणारे असल्यामुळे एकाच जातीचे किमान ६, शक्य झाल्यास १० मासे एकत्र ठेवावेत; एकटा पडलेला टेट्रा भेदरून कोपऱ्यात दडून बसतो आणि ते पाहवत नाही. निऑन टेट्राला २१ ते २५ अंश सेल्सिअसचे पाणी मानवते, कार्डिनल टेट्राला थोडे अधिक उबदार लागते. सर्पे आणि ब्लॅक स्कर्ट या जाती इतरांचे पर कुरतडतात, म्हणून लांब परांच्या माशांसोबत त्या ठेवू नयेत.

नव्या टाकीत मासे सोडण्याची घाई मात्र मुळीच करू नये, कारण माशांच्या विष्ठेतून येणाऱ्या विषारी अमोनियाचे नायट्राइटमध्ये (हेही विषारीच) आणि पुढे कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू फिल्टरमध्ये स्थिरावण्यास बहुधा ४ ते ६ आठवडे लागतात. तपासणीत अमोनिया व नायट्राइट शून्य आल्यावरच मासे आणावेत. त्यानंतर दर आठवड्याला सुमारे पाव भाग पाणी बदलावे आणि नवे पाणी क्लोरीनमुक्त असावे.