नरक्यातील रेणूवरून नवा औषधी रेणू कसा रचावा

नैसर्गिक संयुगावरून नवा जैवसक्रिय रेणू रचू पाहणाऱ्या कोल्हापूरच्या विद्यार्थ्याला उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. पश्चिमेकडील घाटातल्या नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगाच्या पेशींना रोखणारे संयुग आहे, जे १९६६ मध्ये एका चिनी वृक्षातून प्रथम वेगळे करण्यात आले. (वारेमाप तोडीमुळे नरक्या धोक्यात आला आहे, तेव्हा साल ओरबाडू नये, शुद्ध संयुग विकत मिळते.)

रेणूतील कोणत्या भागाला हात लावायचा नाही, हे आधी ठरवावे. कॅम्प्टोथेसिन टोपोआयसोमरेज-१ (डीएनएचा पीळ सैल करणारे विकर) आणि डीएनए यांच्या जोडणीत अडकून बसते, त्यासाठी त्याचे लॅक्टोन वलय (वलयाकार एस्टर) आणि विसाव्या कार्बनवरील ‘एस’ रचना (गटांची ठरावीक त्रिमितीय मांडणी) अबाधित लागते. पण रक्ताच्या ७.४ सामूला तेच वलय उघडते आणि परिणाम ओसरतो. म्हणून बदल करावेत ते ७, ९ आणि १० या स्थानांवर. टोपोटेकान या कॅम्प्टोथेसिनपासून घडवलेल्या औषधात नवव्या स्थानी डायमिथिलअमिनोमिथिल गट बसवला, तेव्हा रेणू पाण्यात विरघळू लागला.

डॉकिंगचे (रेणू प्रथिनात कसा बसेल याच्या संगणकीय अंदाजाचे) गुण, माझ्या मते, केवळ क्रम लावण्यापुरतेच मानावेत. मोजके रेणू संश्लेषित करून ३७ अंश सेल्सिअसच्या बफरमध्ये (सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) लॅक्टोन किती वेळ टिकते हे एचपीएलसीवर (मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) तपासावे आणि पेशींवरील चाचणीत मूळ कॅम्प्टोथेसिन तुलनेसाठी सोबत ठेवावे.