एल्विसची गॉस्पेल: जुन्या बाजारातली रेकॉर्ड घेताना, धुताना, वाजवताना

पुण्यात कुंभारवेशीजवळच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी रेकॉर्डींच्या ढिगात एल्विस प्रेस्ली अधूनमधून सापडतो. त्याची गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतं, हवी असतील तर कव्हरवरच्या चेहऱ्यावर जाऊ नका, नावं पाठ करून जा: ‘हिज हँड इन माइन’ (१९६०), ‘हाऊ ग्रेट दाऊ आर्ट’ (१९६७) आणि ‘ही टच्ड मी’ (१९७२). गडी रॉक अँड रोलचा, पण त्याचे तिन्ही ग्रॅमी पुरस्कार गॉस्पेलचेच, त्यातले दोन यातल्या शेवटच्या दोन रेकॉर्डींना.

फसगत होते ती ख्रिसमसच्या रेकॉर्डीत. १९५७च्या मूळ ख्रिसमस एलपीत (मोठ्या तबकडीत) ‘पीस इन द व्हॅली’ या ईपीची (चार गाण्यांच्या छोट्या तबकडीची) चारही भजनं शेवटी आहेत. १९७०ला कॅम्डेन लेबलवर स्वस्तातली आवृत्ती निघाली, त्यातून ती वगळली. म्हणून मागची गाण्यांची यादी वाचल्याशिवाय पैसे काढू नका.

मग तबकडी बाहेर काढून उन्हात तिरपी धरा. नखाला न लागणारे केसासारखे चरे चालतात. नख अडकलं तर तिथे दर १.८ सेकंदांनी ‘टक्’ ऐकू येणार, कारण मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगात एका फेऱ्याला तेवढाच वेळ लागतो. चकाकी जाऊन करडी झालेली तबकडी सरळ परत ठेवा. जड, झिजलेल्या सुईने खाचा खाल्लेल्या असतात आणि मागचे चार-पाच गायक एकदम वर चढले की आवाज फाटतो. गॉस्पेलमध्ये मजाच त्या चढण्यात आहे. ही झीज कितीही धुतली तरी जात नाही.

पांढुरके ठिपके म्हणजे पावसाळ्यातली बुरशी. ती मात्र निघते. १५० मिली डिस्टिल्ड वॉटर, ५० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल, भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब. मऊ मायक्रोफायबरने खाचांच्या दिशेने गोल पुसा, मधलं लेबल कोरडं ठेवा, मग नुसत्या डिस्टिल्डने दोनदा विसळा. बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार खाचेत वाळले की आधीपेक्षा जास्त करकरतं. सावलीत उभी वाळवा, उन्हात वाकते. जुनं आतलं पाकीट फेकून द्या, नाहीतर बुरशी महिन्याभरात हजर. ७८ आरपीएमची (मिनिटाला ७८ फेऱ्यांची) लाखेची तबकडी असेल तर अल्कोहोल अजिबात नको, लाख विरघळते.

कव्हरवरच्या क्रमांकात एलपीएम (LPM) असेल तर मोनो, म्हणजे डाव्या-उजव्या स्पीकरला एकच आवाज; एलएसपी (LSP) असेल तर स्टिरिओ, म्हणजे दोन्हींना वेगळा. मोनो वाजवताना अँप्लिफायरचं मोनो बटण दाबा, निम्मी खरखर तिथेच कमी होते: सुईच्या वर-खाली हलण्यातून येणारा आवाज डावी-उजवी बाजू एकत्र झाली की आपोआप मारला जातो. सुईचं वजन कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) कागदावर दिलंय तेवढंच ठेवा, बहुतेकदा दीड ते दोन ग्रॅम. ‘हलकी ठेवली की रेकॉर्ड वाचते’ हा गैरसमज आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि जास्त कुरतडते.

‘क्राइंग इन द चॅपल’ १९६०च्या एलपीत शोधू नका. नॅशव्हिलला त्याच सत्रात ध्वनिमुद्रित झालं, पण बाहेर आलं १९६५ला, सिंगल म्हणून, म्हणजे सुट्या गाण्याच्या छोट्या रेकॉर्डीवर. ते हवंच असेल तर २०००चा तीन सीडींचा गॉस्पेल संच बघा.