एबीएसचा दिवा लागला तर आधी चाक शोधा, मग पाकीट उघडा

मी साताऱ्याला शाहूपुरीत राहतो आणि नोकरीला रोज मेढ्याला जातो. कण्हेरच्या बाजूचा तो रस्ता पावसाळ्यात चिखलाने आणि खड्ड्यांनी भरलेला असतो, त्यामुळे ब्रेक हा माझ्यासाठी काळजीचाच विषय. गेल्या श्रावणात डाव्या पुढच्या चाकातून घूंऽऽ असा आवाज यायला लागला म्हणून बेअरिंग बदलून घेतलं. दुसऱ्याच दिवशी मीटरवर एबीएसचा (जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा लागला, तो जाईचना. त्याच गॅरेजला परत गेलो तर उत्तर मिळालं, "साहेब, मॉड्युलेटर गेलाय, पंचवीस-तीस हजार धरून चाला." मॉड्युलेटर म्हणजे एबीएसमध्ये ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा भाग. मी गाडी घरी आणली आणि दोन रविवार घालवून दोष शोधला. तुम्हीही शोधू शकता, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी दिव्याची भाषा. चावी फिरवली की एबीएसचा दिवा लागतो आणि दोन-चार सेकंदांत विझतो, तेव्हा सगळं ठीक. तो विझलाच नाही आणि लाल ब्रेकचा दिवा बंद असेल, तर साधे ब्रेक लागतात. फक्त जोरात दाबल्यावर चाक जाम होऊ न देण्याचं काम बंद पडलेलं असतं. ओल्या रस्त्यावर अंतर ठेवून, सावकाश चालवा. पण पिवळा आणि लाल दोन्ही दिवे एकदम लागले, तर गाडी जागची हलवू नका. हँडब्रेक अर्धवट ओढलेला नाही ना, बॉनेटखालच्या डबीत ब्रेक ऑइल खालच्या रेघेच्या वर आहे ना, हे बघा. ऑइल उतरलं असेल तर नुसतं भरून निघू नका. पॅड झिजल्यावर पातळी थोडी उतरतेच, पण कुठे गळत असेल तर तो जिवाशी खेळ आहे.

बॅटरी आणि फ्यूज तपासणं पाच मिनिटांत होतं. गाडी बंद असताना साधारण साडेबारा व्होल्ट आणि चालू असताना साडेतेरा ते साडेचौदा मिळाले की पुढे चला. फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. दिवा दिसू नये म्हणून फ्यूजच काढून ठेवणारे लोक मी बघितलेत. कृपा करून तसं करू नका.

आता मुख्य काम, चाक शोधणं. प्रत्येक चाकाशी एक सेन्सर असतो, तो चाकाचा वेग कंट्रोल युनिटला कळवतो. एकाही चाकाचा हिशोब जुळला नाही की युनिट एबीएस बंद करतं. दोष कुठे आहे त्याचा कोड गाडीतून वाचणारा स्कॅनर मिळतो. तो घेताना एबीएस वाचतो का हे विचारा, कारण स्वस्तातले बरेचसे फक्त इंजिनचे कोड दाखवतात. बऱ्याच गाड्यांत सी००३५ डावं पुढचं, सी००४० उजवं पुढचं, सी००४५ डावं मागचं आणि सी००५० उजवं मागचं. काही कंपन्यांचे कोड वेगळे असतात. नुसत्या कोडवर थांबू नका. कोणाला तरी शेजारी बसवा आणि वीसच्या वेगाने चालवत स्कॅनरवर चारही चाकांच्या वेगाचे आकडे बघायला सांगा. माझी मुलगी बघत होती. "बाबा, तीन ठिकाणी एकोणीस-वीस आहे आणि डाव्या पुढच्याला शून्य!" चाक सापडलं.

दिवा न लागता, गाडी अगदी थांबता थांबता पॅडल पायाखाली थरथरत असेल, तरी हाच खेळ करा. एक आकडा बाकीच्यांच्या आधी शून्यावर येतो. तिथे चाकाबरोबर फिरणाऱ्या, सेन्सर जिच्यावरून वेग मोजतो त्या दातेरी रिंगला तडा असतो, किंवा सेन्सरखाली गंज साचून त्याचं अंतर वाढलेलं असतं.

चाक उचलताना सपाट जागा हवी. पुढचं चाक उचलायचं तर हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना दगड लावा, गाडी न्यूट्रलला ठेवा. मागचं असेल तर हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून गाडी गिअरमध्ये टाकून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावा. नुसत्या जॅकवर विसंबून हात आत घालू नका, खाली स्टँड ठेवा. आमच्या भागात पहिला संशय उंदरावर, ऊसतोड सुरू झाली की तर हमखास. वायर बोटांनी चाचपत न्या, कपलर (वायरचा जोड) उघडून हिरवट गंज बघा.

जुन्या दोन वायरच्या चुंबकी सेन्सरला मल्टिमीटर लावला तर साधारण आठशे ते दोन हजार ओहम मिळतात आणि चाक हाताने फिरवलं की एसी मिलिव्होल्ट वर चढतात. नव्या गाड्यांत बहुतेक वेळा दुसऱ्या जातीचा, विजेवर चालणारा सेन्सर असतो. त्याचा रेझिस्टन्स मोजू नका, काही कळत नाही. चावी चालू ठेवून कपलरवर वीज येते का तेवढं बघा. माझ्या गाडीत वीज येत होती, वायर धड होती.

मग सेन्सर काढला आणि भोकात टॉर्च मारला. अशा सेन्सरच्या बऱ्याच गाड्यांत दातेरी रिंगऐवजी बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकी पट्टी असते, ती सेन्सरकडेच यायला हवी. उदबत्तीच्या काडीला दोऱ्याने घट्ट टाचणी बांधली आणि आत टेकवली. टाचणी नुसती सरकली. तीच काडी उजव्या चाकाला टेकवली तर टाचणी टचकन चिकटली, काडीला ओढ लागलेली बोटांना कळली. बेअरिंग उलटं ठोकलं होतं! मॉड्युलेटरला काहीही झालेलं नव्हतं.

एकदा प्रेसमधून (बेअरिंग दाबून बसवायच्या-काढायच्या यंत्रातून) काढलेलं बेअरिंग परत घालू नये, म्हणून नवीन घेतलं आणि दुसऱ्या मिस्त्रींकडे गेलो. प्रेसखाली ठेवायच्या आधी त्यांच्यासमोर दोन्ही बाजूंना टाचणी लावून दाखवली. काळपट बाजूला चिकटली. त्या पट्टीजवळ लोहचुंबक किंवा चुंबकी स्क्रूड्रायव्हर नेऊ नका, ती बिघडते. मिस्त्री म्हणाले, "ही बाजू आत, बरोबर?" म्हटलं, "बरोबर." काम झाल्यावर कोड पुसला. दिवा लगेच गेला नाही. गॅरेजमधून बाहेर पडून गाडीने थोडा वेग घेतला, तेव्हा विझला.