चिंधी गेल्यावर सकाळचे साडेपाच कसे काढले

आमची कुत्री चिंधी कारखान्यात सापडली, टॉवेलच्या चिंध्यांच्या ढिगात. म्हणून ते नाव. अकरा वर्षं ती मागांच्या खडखडाटात गाढ झोपली. वीज जाऊन माग थांबले की मात्र दचकून उठायची. गेल्या वैशाखात तिच्या किडन्या गेल्या, आणि ती गेली.

ज्यांचं जनावर नुकतंच गेलंय त्यांना माझं पहिलं सांगणं: कुठल्या वेळेला जास्त त्रास होतो ते हेरा. दिवसभर माणूस कामात असतो, पण एखादी वेळ धरते. माझी सकाळी साडेपाचची. कडक भाकरीचा चतकोर मोडून आमटीत भिजवायचा, मऊ झाला का बोटानं दाबून बघायचं, मग ताट सरकवायचं. ती गेल्यावरही महिनाभर हात आपोआप भाकरीच्या डब्याकडे जायचा. शेवटी त्या वेळेला घरात थांबणंच सोडलं. साडेपाचला चप्पल घालायची आणि सिद्धेश्वर तलावाकडे चालू पडायचं. रोजच्या रस्त्यावरच्या चहावाल्याला एकदा सांगून टाका, तो गल्लीभर सांगतो. दहा जणांना आपल्याला सांगत बसावं लागत नाही.

“आधी दवाखान्यात नेली असती तर?” हे डोक्यातून जात नसेल तर रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे परत जा आणि स्पष्ट विचारा. मी गेलो. कळलं की किडनीचं काम निम्म्याहून जास्त बंद पडेपर्यंत कुत्र्यात ठळक लक्षणं दिसतच नाहीत. रात्री अंथरुणात स्वतःवर खटला चालवण्यापेक्षा हे बरं.

लहान मुलांना “गावाला पाठवली” किंवा “झोपली” सांगू नका. मी नातवाला “झोपली” म्हणालो, तर पठ्ठ्या रात्री डोळेच मिटेना. मेली, आता परत येणार नाही, असंच सांगायचं.

“कुत्रंच होतं की वो, दुसरं आणा” म्हणणारे भेटतील. वाद घालू नका. दुसरं आणायची घाईही नको. पिल्लू पार्व्हो विषाणूच्या आजारानं गेलं असेल तर मुळीच नको. तो विषाणू घरात-अंगणात कित्येक महिने टिकतो. नवं पिल्लू आणायचं तर त्याच्या लसी पूर्ण झाल्यावरच.

जेवण-झोप उडून आठवडे झाले, जगणं नको वाटायला लागलं, तर १४४१६ ला फोन करा. टेली-मानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी, फुकट, रात्री-अपरात्रीही, मराठीत बोलता येतं. कुत्र्यापायी फोन कसा करायचा, अशी लाज धरू नका.

आणि वस्तू. ताट, पट्टा, गोणपाट एकट्यानं हलवू नका, घरात विचारा. बायकोनं तिसऱ्याच दिवशी ताट घासून भंगारात काढलं आणि आमचं कडाक्याचं वाजलं. मागाहून उलगडलं: तिला ते दिसलं की रडू यायचं, मला दिसलं नाही की. आता ते कारखान्यात आहे, तेलाच्या डब्याखाली.