पीएचडीचा अर्ज : फॉर्म निघण्याआधीची तयारी

जाहिरात आली की मग धावपळ सुरू करायची, ही आपल्याकडची सवय पीएचडीच्या बाबतीत महागात पडते. नांदेड, छत्रपती संभाजीनगर असो की दिल्ली-मुंबई, चांगल्या विभागात जागा मोजक्याच असतात. निदान वर्षभर आधी लागा.

सगळ्यात जास्त वेळ संशोधनाच्या प्रश्नाला द्या. 'मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांच्या समस्या : एक अभ्यास' या शीर्षकावर कुणीही काहीही लिहू शकतो, म्हणून ते पडतं. त्यापेक्षा असं विचारा : बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्यातून जी जोडपी उचल घेऊन कारखान्यावर जातात, त्यांची हंगामी वसतिगृहात राहिलेली मुलं शाळेत टिकतात का? सोबत फडावर गेलेल्या मुलांचं काय होतं? पट्टा पडल्यावर, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर, परत आलेलं पोर पुन्हा त्याच वर्गात बसतं का? एवढं ठरलं की शाळांची हजेरीपत्रकं लागतील, मुकादमांशी बोलावं लागेल, किती गावं झेपतील, हे आपसूक समोर येतं. अर्जासोबतच्या संशोधन आराखड्यात नेमकं हेच हवं असतं. आणि हे प्रश्न मराठवाड्यातल्या मुलामुलींना जवळून माहीत आहेत. ही तुमची ताकद आहे, ती लपवू नका.

मग शोधगंगेवर, म्हणजे भारतातल्या पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, बसा. तुमच्या विषयावरचे आधीचे प्रबंध काढून त्यांचं निदान शेवटचं प्रकरण वाचा. कुणी काय केलं आणि काय राहिलं, हे आराखड्यात दोन परिच्छेदांत स्पष्ट आलं पाहिजे.

मार्गदर्शक नावावरून निवडू नका. त्यांचे अलीकडचे लेख वाचा, त्यांच्याकडे जागा आहे का ते विचारा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या नियमांनुसार प्राध्यापकांकडे एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकांकडे ६ आणि सहायक प्राध्यापकांकडे ४ विद्यार्थी असू शकतात. तुमच्या कामाचा एक परिच्छेद जोडून पत्र लिहा. 'सर, मला घ्याल का' एवढ्याच ओळीला उत्तर येणं कठीण.

शिफारसपत्र मागाल तर ज्यांनी तुमचं काम पाहिलंय त्यांचंच मागा. प्राचार्यांच्या लेटरहेडपेक्षा एमएचा प्रकल्प तपासलेल्या मॅडमची चार नेमकी वाक्यं जड ठरतात. महिनाभर आधी सांगा, सोबत आराखडाही द्या.

नेटचा, म्हणजे यूजीसीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा, अभ्यास जोडीने चालू ठेवा. जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) नसेल आणि नेटच्या गुणांवर प्रवेश असेल, तर ७० टक्के भार त्या गुणांना आणि ३० टक्के मुलाखतीला असतो. पीएचडीपुरते हे गुण वर्षभरच चालतात, तारखांचा हिशेब ठेवा.

जात पडताळणी, नॉन-क्रीमी लेयर, गुणपत्रकं आधीच काढून ठेवा.

राहिली मुलाखत. आराखडा न बघता पाच मिनिटांत सांगता येईपर्यंत सराव करा, तोही विषय न शिकलेल्या मित्रासमोर. तो जिथे अडेल तिथे आराखड्यातलं वाक्य बदला.