मोडी वर्ग गावासाठी उघडायचा असेल तर

आमच्या इतिहास विभागाचा मोडी लिपीचा वर्ग नऊ वर्षं माझ्याकडे आहे. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात शिकवणाऱ्या मैत्रिणीने परवा विचारलं, "आम्हालाही लोकांसाठी करायचाय, कुठून सुरू करू?" तिला फोनवर सांगितलं तेच इथे लिहून ठेवतेय.

पाहुणे ठरवायच्या आधी बातमी लिही. पहिल्या वर्षी आमच्या पत्रकाचा मथळा दोन ओळींचा होता, त्यात 'लिप्यंतर', 'अभिलेख' आणि 'आंतरविद्याशाखीय' हे तिन्ही शब्द होते. अकरा जण आले, त्यातले सात आमचेच विद्यार्थी. दुसऱ्या वर्षी मथळा दिला, 'घरात मोडी कागद आहेत? घेऊन या.' खुर्च्या शेजारच्या वर्गातून आणाव्या लागल्या.

पेपरला पाठवायच्या मजकुरात पहिल्याच वाक्यात वार, तारीख, वेळ आणि जागा हवी. जागा म्हणजे नुसतं 'सभागृह' नव्हे. कुठल्या फाटकातून आत यायचं, जिना आहे का, तेही. येणाऱ्यांत सत्तरीची माणसं बरीच असतात. मान्यवरांची नावं शेवटी टाक. जागा कमी पडली की उपसंपादक खालून कापतो, तेव्हा वेळ उडण्यापेक्षा नावं उडालेली बरी. (हे प्राचार्यांना आधी सांगून ठेव. मी नव्हतं सांगितलं.)

बातमी दिवाळीच्या तीन आठवडे आधी आणि वर्ग दिवाळीनंतरच्या दोन रविवारी. कारण साधं आहे, साफसफाईत माळ्यावरची ट्रंक खाली येते. तेव्हा पेपरात वाचलेलं असेल तर रुमाल रद्दीत जात नाही. रुमाल म्हणजे कागद बांधलेलं फडकं, हेही बातमीत लिहायला हरकत नाही. त्याच बातमीत एक ओळ घाल: कागद लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका, घडी जोरात उलगडू नका.

त्या दिवशी दीपप्रज्वलन, शाल, नारळ यांत पाऊण तास घालवू नको. दारातच एक टेबल मांड, त्यावर स्वच्छ पांढरी चादर, दोन विद्यार्थी आणि एक वही. कागद कुणाचा, कुठल्या गावचा, किती पानं, एवढंच लिहायचं आणि फ्लॅश बंद ठेवून फोटो घ्यायचा. मूळ कागद मालकाच्या हातातच राहू दे, पुढचं सगळं फोटोवरून किंवा झेरॉक्सवरून करायचं. चहा दुसऱ्या खोलीत.

शिकवायला मुळाक्षरांच्या तक्त्याने सुरुवात केलीस तर अर्ध्या तासात जांभया सुरू होतात. मी प्रत्येकाला स्वतःचं आडनाव लिहायला लावते. आधी पानभर आडव्या रेघा ओढायच्या, मग अक्षरं त्यांना टांगायची. ह्रस्व-दीर्घ पाळत नाहीत, शब्द तोडत नाहीत, हे दोन नियम कळले की शुद्धलेखनाला घाबरणारे सगळे खूश होतात. बोरू सगळ्यांना पुरत नाहीत, कट निबचं पेन चालतं.

दुपारचं सत्र मात्र फक्त तारखेला दे. लोकांना जमिनीइतकीच उत्सुकता 'हे कधीचं?' याची असते. शक असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळवायचे (जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या कागदाला ७९), ते सोपं. मराठेशाहीतल्या कागदांवर मात्र बहुधा सुहूर सन, म्हणजे तेव्हाच्या दफ्तरांतली वेगळी कालगणना असते, आणि तीही अरबी अंकनामांत: 'इहिदे सितैन मया व अलफ'. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. झाले ११६१. हे वर्ष मृग नक्षत्राला सुरू होतं, म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. बेरीज कर म्हणावं, जानेवारीतला कागद असेल तर १७६१. कुणीतरी मागून "पानिपत!" असं ओरडतंच. तारखेआधीचा 'छ' म्हणजे चंद्र, पुढे मुसलमानी महिना येतो. फळ्यावर अंकनामांचा तक्ता दिवसभर राहू दे.

आता नाजूक गोष्ट. २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हापासून निम्मी माणसं त्यासाठीच येतात. कोतवाल बुकाची झेरॉक्स, जन्ममृत्यूची नोंद, आणि डोळ्यांत एकच प्रश्न. त्यांना टाळायचं नाही, पण माईकवरून स्पष्ट सांगायचं की इथलं वाचन शिकण्यासाठी आहे, कचेरीत चालणार नाही. त्यासाठी अधिकृत लिप्यंतरकार असतात. एकदा आमच्या एका विद्यार्थ्याने उत्साहात वाचलेलं वहीच्या पानावर लिहून खाली सही करून दिली. ते पान वाटणीच्या भांडणात निघालं आणि दोन्ही भाऊ विभागात आले. तेव्हापासून सही कुणीच करत नाही, मीसुद्धा.

कार्यक्रमानंतरची बातमी त्याच संध्याकाळी पाठव. व्यासपीठाचा फोटो नको, भिंग घेऊन वाकलेल्या माणसाचा पाठव, मालकाला विचारून. कागदातला मजकूर मात्र घरच्यांच्या परवानगीशिवाय छापायचा नाही, त्यात कर्जं असतात.

आणि निराशेची तयारी ठेव. चौथ्या वर्षी एक आजोबा देव्हाऱ्यात पुजलेला कागद घेऊन आले होते. घरात तीन पिढ्या समजूत, की ही इनामाची सनद. आम्ही आधी शिक्का शोधला, 'मोर्तब सुद' ही अखेरची मोहर शोधली, काहीच नाही. मग पहिली ओळ लागली: गूळ, मीठ, खोबरं, सुपारी. वाण्याची यादी होती. मला ते सांगताना जीभ जड झाली. आजोबा थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "सुपारी किती लिहिलीय?" पावशेर होती. "आज्याला लागायचीच," म्हणाले आणि कागद परत लाल फडक्यात बांधला. त्यांनी परवानगी दिली, म्हणून आता दर वर्षी वाचनाचा पहिला धडा तोच असतो.